५४ ला ५६ लिहायला सांगतात, नाही कसं म्हणू?

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात सात वर्षं आहे. आठ महिन्यांपूर्वी क्वालिटीचा सेक्शन इन्चार्ज झालो. हाताखाली चार इन्स्पेक्टर, त्यातला एक ट्रेनी. आम्ही ट्रकच्या स्प्रिंगची शॅकल पिन बनवतो, २५ मिमी व्यासाची, इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या कॉइलनं तापवून, झटकन थंड करून पृष्ठभाग कडक करणं) केलेली. ड्रॉइंगवर हार्डनेस ५५ ते ६० एचआरसी (रॉकवेल पद्धतीचं कडकपणाचं माप) आहे. गेले दोन महिने काही लॉटमध्ये ५३-५४ येतंय. महिनाअखेरीला गाडी दारात उभी असते आणि प्लांट हेड म्हणतात, "एका पॉइंटनं काय होतंय, अ‍ॅडजस्ट कर." अशा तीन लॉटच्या पीडीआय (माल रवाना करण्यापूर्वीची तपासणी) रिपोर्टवर ५६-५७ लिहून मी सही केली. परवा लक्षात आलं, ट्रेनी मुलगा पिन मशीनवर न लावताच आकडे भरतोय. रागावलो तर म्हणाला, "सर, तसंही आपण ५६च लिहितो ना." कंपनीनं दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग दिलं होतं, त्यात यातलं काहीच नव्हतं. घराचा हप्ता चालू आहे, नोकरी सोडणं शक्य नाही. साहेबांना नाही कसं म्हणायचं? आणि खोट्या नोंदीसाठी मुलांना दंड लावू का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : आधी हार्डनेस टेस्टरकडे जा, प्लांट हेडकडे नंतर.

कारण साधं आहे. रॉकवेल टेस्टर टोक दाबतो आणि ते किती खोल गेलं यावरून कडकपणा सांगतो. गोल पिनवर ते घेतलं की रीडिंग मुळातच थोडं कमी येतं. ठशाच्या दोन्ही बाजूंना सपाट तुकड्यावर असतो तेवढा धातूचा आधार नसतो, त्यामुळे टोक जास्त खोल जातं. म्हणून व्यासाप्रमाणे करेक्शन मिळवावं लागतं. त्याचा तक्ता टेस्टरच्या पुस्तकात असतो आणि व्यास जितका लहान तितकं करेक्शन मोठं. तुमचे इन्स्पेक्टर व्ही-अ‍ॅन्व्हिलवर (व्ही आकाराच्या खाचेत) पिन ठेवून डायलवरचा आकडा तसाच लिहीत असतील, तर काठावरचे, ५४.५ च्या आसपासचे काही ५४ हे खरे ५५ असू शकतात. करेक्शन आधीच धरत असाल तर ही पळवाट बंद. दुसरं, टेस्टर ५५-६० च्या आसपासच्या प्रमाणित ब्लॉकवर तपासा. ब्लॉकवर छापलेल्या मर्यादेत आकडा आला नाही, तर दोन महिन्यांची सगळीच रीडिंग संशयात जातात. तिसरं, पिनवर स्केल (तापवताना धरलेला थर) असेल तर जागा हलक्या हातानं घासून घ्या, तापू देऊ नका. नवा ठसा जुन्या ठशाला चिकटून घेऊ नका. मग पाच पिना, प्रत्येकीवर तीन रीडिंग, दोन इन्स्पेक्टर, एकमेकांचे आकडे न बघता. सगळं मिळून दीड तासाचं काम. जो वाद करायला निघालात तो खरा आहे की मोजण्यातला, हे तेवढ्यात कळतं.

समजा, आकडा खरोखरच ५४ निघाला. मग दोन महिन्यांपूर्वी काय बदललं ते शोधा. कॉइल बदलली का? क्वेंच रिंगची (तापलेल्या पिनवर थंड करणारा द्रव फवारणाऱ्या रिंगची) भोकं बुजली आहेत का? त्या द्रवातल्या पॉलिमरचं प्रमाण वाढलंय का? ते वाढलं की पिन सावकाश थंड होते आणि हार्डनेस पडतो. रिफ्रॅक्टोमीटरनं पाच मिनिटांत कळतं. टेम्परिंगच्या (कडक पिन नंतर मंद तापवण्याच्या) भट्टीचं तापमान वर जातंय का? नव्या बारचा कार्बन खालच्या टोकाला आहे का? मिल सर्टिफिकेट काढून बघा. हे शोधायचं काम प्रॉडक्शनचं आहे, तुमचं नाही, हे खरं. पण "५४ येतंय" एवढंच सांगणारा क्वालिटीवाला सगळ्यांना अडथळा वाटतो. "५४ येतंय आणि पॉलिमर जास्त दिसतंय" म्हणणाऱ्याला खुर्ची मिळते.

आता नाही म्हणण्याकडे येऊ. तुम्ही तो धैर्याचा प्रश्न समजताय. या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग वेगळं सांगतो. १९६१ मध्ये येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी साध्यासुध्या लोकांना, चूक उत्तर आलं की समोरच्याला विजेचा झटका द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्याच खोलीत राहून शांतपणे "पुढे चालू ठेवा" म्हणणारा माणूस होता, तेव्हा ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. एवढंच लोकांना आठवतं. खरी कामाची गोष्ट त्याच प्रयोगाच्या पुढच्या फेऱ्यांत आहे. बरोबरच्या दोघांनी (ते सामील नट होते) मध्येच नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून सांगू लागला, तेव्हाही आज्ञापालन साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं. माणसं त्याच शहरातली, त्यांचा स्वभावही तोच. बदललं ते एवढंच, की सोबत कोण आहे आणि साहेब किती हात अंतरावर उभा आहे.

यातून दोन गोष्टी उचला. एक, गाडीपाशी उभं राहून, साहेब समोर असताना उत्तर देऊ नका. "दहा मिनिटांत आकडे घेऊन केबिनमध्ये येतो" म्हणा आणि खरंच जा. दोन, एकटे जाऊ नका. सोबत प्रॉडक्शनचा इन्चार्ज किंवा तुमचा सीनियर इन्स्पेक्टर हवा. त्यानं भांडायचं नाही, फक्त "हो साहेब, मीही बघितलंय, ५४च आहे" एवढं वाक्य बोलायचं. हे त्याच्याशी आधीच ठरवा, चहाच्या सुट्टीत. केबिनच्या दारात ठरवलेलं ऐन वेळी गळपटतं.

काय बोलायचं तेही लिहून ठेवा. असं काहीसं :

"साहेब, गाडी थांबू नये असं मलाही वाटतं. या लॉटमध्ये पाचपैकी तीन पिना पंचावन्नच्या खाली आहेत. रिपोर्टवर जे मोजलंय तेच लिहिणार. आता दोन रस्ते आहेत : ग्राहकाकडून आत्ता डेव्हिएशन मागू, किंवा चांगला लॉट आहे तेवढा भरू आणि उरलेला परवा. कुठला करू?"

(डेव्हिएशन म्हणजे मापाबाहेरचा माल देण्यासाठी ग्राहकाची परवानगी.) यात आरोप नाही, नीतीचं व्याख्यान नाही, आणि शेवटी निर्णय त्यांच्याकडेच आहे. "हे चुकीचं आहे साहेब" म्हणालात, तर पुढची वीस मिनिटं तुमच्या अनुभवावर आणि त्यांच्या पंचवीस वर्षांवर जातील. साहेब तरीही म्हणाले, "मी सांगतोय ना, कर," तर : "आकडा ५४च राहील साहेब. माल सोडायचा निर्णय तुमचा असेल, तर रिलीजवर सही तुमची घेतो." मोजमाप आणि मालाची सुटका ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्याकडून आजवर एकाच सहीत दोन्ही करून घेतली गेली, आणि घोळ तिथेच झाला. बहुतेक साहेब या वाक्यापाशी थांबतात, कारण ५४ लिहिलेल्या रिपोर्टखाली सही करायची त्यांचीही तयारी नसते.

केबिनमधून बाहेर आल्याबरोबर मेल टाका. लांबलचक नको, कुणाचं नाव घेऊन तक्रार नको :

"शॅकल पिन, लॉट क्र. —, ८०० नग. आज ११.४० ला ५ नग तपासले. रीडिंग (करेक्शन धरून) ५४, ५३.५, ५५, ५४, ५५.५. ड्रॉइंग ५५ ते ६०. टेस्टर सकाळी ब्लॉकवर तपासला, ठीक. लॉट लाल टॅग लावून वेगळा ठेवला आहे. डेव्हिएशन मागायचं की छाननी, दुपारी ३ पर्यंत कळवावे."

छाननी म्हटल्यावर कुणीतरी म्हणेल, "सगळ्या आठशे रॉकवेलवर लावा." तसं होत नाही. रॉकवेलचा ठसा उमटतो, आणि घासल्या जाणाऱ्या भागावर ठसा घेतलेली पिन पुढे पाठवता येत नाही. त्यासाठी एडी करंट सॉर्टिंग (ठसा न उमटवता विद्युत पद्धतीनं पिना निवडणं) लागतं, नसेल तर बाहेरून करून घ्यावं लागतं. दुसरा कुणी म्हणेल, "परत एकदा हार्डनिंगमधून काढा." एकदा कडक झालेली पिन तशीच परत तापवून क्वेंच केली तर तडे जायचा धोका असतो. मंजूर केलेली रीवर्कची पद्धत आणि नंतर प्रत्येक नगाची एमपीआय (चुंबकाच्या मदतीनं तडे शोधणारी) तपासणी नसेल, तर हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट.

तुमच्या हातात आणखी एक कागद आहे, जो वापरायचं कुणाला सुचत नाही. वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या बहुतेक कारखान्यांकडे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्तेचं मानक) चं प्रमाणपत्र असतं, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं. त्याच्या ५.३.२ कलमानुसार, माल मापात आहे की नाही याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना डिस्पॅच आणि उत्पादन थांबवायचा अधिकार असावाच लागतो. ८.७.१.१ सांगतं, की मंजूर मापाबाहेरचा माल पुढे न्यायचा तर ग्राहकाची परवानगी आधी हवी, आणि ती किती नगांसाठी किंवा कधीपर्यंत आहे याची नोंद हवी. ५.१.१.१ नुसार कंपनीकडे लाचविरोधी धोरण, आचारसंहिता आणि गैरप्रकार वर कळवायची ठरलेली वाट असावी लागते. ही कलमं साहेबांच्या तोंडावर फेकू नका. "ऑडिटमध्ये हे विचारतील" एवढं पुरे. डेव्हिएशन मागितलं म्हणजे ग्राहक हाकलून देतो, ही भीतीही बऱ्याचदा पोकळ असते. ५४ ची पिन कुठे बसते ते त्यांच्या डिझाइनवाल्याला ठाऊक असतं. तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, पण त्याला न विचारता ठरवणं हे तुमचं काम नाही, तुमच्या साहेबांचंही नाही.

"एका पॉइंटनं काय होतंय" याचं उत्तर जपानमध्ये मिळालंय. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोबे स्टील या कंपनीनं कबूल केलं, की अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाचे तपासणीचे आकडे बदलून तो ग्राहकांना दिला गेला होता. मार्च २०१८ च्या अहवालात ग्राहकांचा आकडा सहाशेच्या वर गेला, आणि ही सवय थेट १९७० च्या दशकापर्यंत मागे गेलेली दिसली. तिथल्या कारखान्यांत तोकुसाई नावाचा एक रीतसर शब्द होता : मापात थोडा कमी असलेला माल ग्राहकाच्या संमतीनं देणं. म्हणजे आपलं डेव्हिएशनच. हळूहळू त्यातली संमती गळाली आणि शब्द तेवढा राहिला. बहुतेक ग्राहकांनी नंतर तपासलं तेव्हा तातडीचा धोका आढळला नाही. आमच्या मते घातक गोष्ट नेमकी हीच. पिन तुटली असती तर सवय पहिल्याच वर्षी मोडली असती. ती तुटत नाही, म्हणून ५४ चालतं, मग ५३ चालतं, मग मोजायचीही गरज उरत नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. तुमच्याकडे काळ दोन महिन्यांत ट्रेनीपर्यंत पोचला.

ते तीन लॉट. हा पत्रातला सर्वांत जड भाग, आणि त्याला सोपा उतारा नाही. जुन्या रिपोर्टमध्ये आता एक अक्षरही बदलू नका, फाडू नका, "दुरुस्त" करू नका. आजच्या तारखेचं नवं टिपण करा : लॉट क्रमांक, नग, रवाना झाल्याची तारीख, त्या दिवशी खरं काय मोजलं होतं, काय लिहिलं गेलं. रिटेन सॅम्पल (लॉटमधून जपून ठेवलेले नमुने) ठेवले असतील तर दोघांनी मिळून पुन्हा मोजा. त्या पिना आता कुठे आहेत ते पाहा : ग्राहकाच्या स्टोअरमध्ये, वाटेत की गाड्यांत बसलेल्या. स्टोअरमध्ये असतील तर अडवता येतात, म्हणून दिवस मोलाचे आहेत. टिपण आधी प्लांट हेडना दाखवा आणि ग्राहकाला त्यांनी स्वतः कळवावं असं सुचवा. दोन दिवसांत हललं नाही, तर कंपनीच्या क्वालिटी हेडकडे किंवा तक्रारीच्या ठरलेल्या वाटेनं जा. सही तुमची आहे हे टिपणात लपवू नका. पण ते लिहून देण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. त्याची फी हप्त्यापेक्षा स्वस्त पडेल.

संरक्षणाचं खरं चित्रही सांगायला हवं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या यांना कर्मचाऱ्यांसाठी तक्रारीची यंत्रणा ठेवावी लागते. तक्रारदाराला त्रास होऊ नये याची तरतूद आणि गरज पडल्यास थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जायची सोय त्यात असावी लागते. तुमची कंपनी यात बसते का ते आधी पाहा. २०१४ चा व्हिसलब्लोअर कायदा लोकसेवकांविषयीच्या तक्रारींचा आहे, खासगी कारखान्यात त्याची ढाल धरता येत नाही. आणि कागदावर काहीही असलं तरी बदली, थंडा अप्रेझल, मीटिंगला न बोलावणं हे होऊ शकतं. म्हणून स्वतःची एक वही ठेवा : तारीख, वेळ, कोण काय बोललं, त्यांच्याच शब्दांत. कंपनीची ड्रॉइंग किंवा रिपोर्ट स्वतःच्या फोनवर, खासगी मेलवर नेऊ नका. खरी तक्रार त्या एका चुकीमुळे "डेटा चोरी" होऊन बसते. राजीनामा द्या असं आम्ही म्हणणार नाही. बायोडेटा मात्र या रविवारीच नीट करून ठेवा. दुसरीकडे जाता येईल हे माहीत असलेला माणूस केबिनमध्ये वेगळ्या आवाजात बोलतो.

दंड लावू नका. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांचा अभ्यास झाला होता, २००० साली प्रसिद्ध झालेला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही ठिकाणी छोटा दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढून घेतल्यावरही तो खाली आला नाही. आधी "बाईंना थांबावं लागतं" याची लाज होती, दंडानं त्या उशिराला भाव लावून दिला. ट्रेनीला खोट्या नोंदीचे पन्नास रुपये लावलेत, तर पन्नास रुपयांत खोटी नोंद मिळते एवढंच तो शिकेल. शिवाय त्यानं तुमचंच बघून केलंय, हे विसरून कसं चालेल? त्याला एकट्याला बोलावून सांगा : "ते तीन रिपोर्ट माझी चूक होती. आजपासून मोजू ते लिहू. ५३ आलं तर ५३ लिही आणि मला हाक मार, पुढचं मी बघतो." नंतर तो पहिल्यांदा ५३ घेऊन येईल तेव्हा तुमच्या कपाळावर आठी दिसली, तर या बोलण्याचं मोल शून्य.

संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात इस्पितळांत औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या विभागांतच जास्त चुका नोंदलेल्या दिसल्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं त्या लपवत नव्हती. तुमच्याकडेही पहिला महिना-दीड महिना रिजेक्शनचा आकडा वर जाईल. प्लांट हेडना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "हा इन्चार्ज झाल्यापासून रिजेक्शन वाढलं" असा आलेख रिव्ह्यूमध्ये तुमच्याच नावावर दिसेल.

आणि हो, कुणी सुचवेल की फॉर्मच्या वरच "मी खरं लिहीन" अशी सही घ्या, त्यानं माणसं प्रामाणिक होतात. तसा एक शोधनिबंध २०१२ मध्ये खूप गाजला होता. त्यातल्या एका प्रयोगाचे आकडेच बनावट निघाले आणि २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा निबंध, म्हणजे काय बोलणार!

दोन दिवसांच्या ट्रेनिंगबद्दल तुमची तक्रार बरोबर आहे, पण ट्रेनिंग म्हणजेच फुकट असं नाही. लीडरशिप ट्रेनिंगवरच्या ३३५ गटांची आकडेवारी २०१७ मध्ये एकत्र तपासली गेली. आधी गरज तपासलेलं, कामाच्या जागीच घेतलेलं, प्रत्यक्ष सराव आणि फीडबॅक असलेलं, थोडं थोडं करून पसरवलेलं शिक्षण जास्त उतरतं असं दिसलं. हॉटेलातले दोन दिवस यात कुठेच बसत नाहीत. ते तुम्हीच करा, सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं. एक जण डिस्पॅचवाला होईल, "गाडी सुटतेय रे" म्हणून कटकट करेल, दुसरा उत्तर देईल, बाकीचे ऐकतील. उत्तर "जर-तर" मध्ये बांधा : "जर कुणी आकडा बदल म्हणालं, तर मी म्हणेन, सरांना विचारून सांगतो, आणि टेस्टरपासून हलेन." ऐन वेळी डोकं चालत नाही, पाठ केलेलं तोंडात येतं. पहिल्या सोमवारी सगळे हसतील, हसू द्या.

शेवटचा बदल वेळापत्रकातला, आणि आमच्या मते तोच सर्वांत जास्त उपयोगी पडेल. १९७३ साली प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. वाटेत कण्हत पडलेल्या माणसापाशी कोण थांबतं ते पाहिलं. ज्यांना वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, ज्यांना फार उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी १० टक्क्यांनी. तुमच्याकडे हार्डनेसचा निकाल येतो तो ३० तारखेला संध्याकाळी, गाडीचं इंजिन चालू असताना. तो तिथून उचला. प्रत्येक पाळीला हार्डनिंगमधून निघालेल्या पहिल्या पाच पिना आणि नंतर दर दोन तासांनी दोन, तिथल्या तिथे मोजा. आकडे मशीनशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहायचे, प्रॉडक्शनच्या माणसासमोर. ५४ दिसलं की मशीन तिथेच थांबतं, तेव्हा टोपलीत वीस-पंचवीस पिना असतात, आठशे नसतात. महिन्याच्या २५ तारखेला पीडीआय उरकून टाका. डेव्हिएशन मागायचं झालंच तर ग्राहकाकडच्या माणसाला उत्तर द्यायला पूर्ण दोन दिवस मिळतात, आणि तोवर गाडी बोलावलेलीही नसते.